दाण्यांना ऊन दाखवणारी मुंगी आणि कर्नल साइक्स

लेण्याद्रीच्या सुमारे तीनशे पायऱ्या चढून गिरिजात्मजाचे दर्शन घेणाऱ्यांपैकी फार थोडे जण आजूबाजूच्या लेण्यांच्या भिंतींकडे निरखून पाहतात. तिथे, तसेच जुन्नरभोवतीच्या शिवनेरी आणि मानमोडीच्या डोंगरांतही, ब्राह्मी लिपीत कोरलेले लेख आहेत. दोनशे वर्षांपूर्वी ते वाचू शकेल असा एकही माणूस हयात नव्हता. लिपीच विसरली गेली होती. तरीही जुन्नरच्या लेण्यांतली ती अक्षरे ईस्ट इंडिया कंपनीच्या एका लष्करी अधिकाऱ्याने कागदावर उतरवून घेतली आणि मायदेशी परतल्यावर १८३७ मध्ये रॉयल एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात छापायला दिली. त्याच सुमारास कलकत्त्यात जेम्स प्रिन्सेपला ब्राह्मीचे कोडे उलगडत होते.

हा अधिकारी म्हणजे विल्यम हेन्री साइक्स. पक्षिमित्रांना तो चंडोलामुळे ठाऊक असतो. दख्खनच्या माळावर दिसणारा, डोक्यावर तुरा असलेला तो छोटा तांबूस चंडोल इंग्रजीत त्याच्याच नावाने ओळखला जातो. इतिहासाच्या अभ्यासकांना तो कंपनी सरकारचा आकडेवारी गोळा करणारा म्हणून माहीत असतो. मुंग्यांच्या अभ्यासकांना मात्र तो तिसऱ्याच कारणासाठी लागतो. जगात मुंग्यांच्या ज्या प्रजातीत सर्वाधिक जाती आहेत, त्या फिडोली प्रजातीची प्रमाण जाती साइक्सने पुण्यात पाहिलेली मुंगी आहे. प्रजातीची व्याख्या ठरवताना शास्त्रज्ञ ज्या एका जातीकडे बोट दाखवतात, ती जाती पुण्यातली. जुन्नरच्या लेण्यांत त्याने जे केले तेच इथेही केले होते. समजो न समजो, जे दिसले ते तारखेसह नोंदवून ठेवायचे.

साइक्सचा जन्म २५ जानेवारी १७९० चा, इंग्लंडमधल्या यॉर्कशरचा. चौदाव्या वर्षी तो कंपनीच्या मुंबई लष्करात दाखल झाला आणि पंधराव्या वर्षी भरतपूरच्या वेढ्यात लढला. हिंदुस्थानी आणि मराठी दोन्ही भाषा शिकला. १८१७ च्या नोव्हेंबरात खडकीला आणि पुण्याला पेशव्यांच्या फौजेशी झालेल्या लढायांत तो कंपनीच्या बाजूने होता. म्हणजे ज्या मुलखाचे पशुपक्षी त्याने पुढे इतक्या आत्मीयतेने नोंदवले, तो मुलूख जिंकणाऱ्यांपैकीच तो एक. ही गोष्ट बाजूला ठेवून त्याचे चरित्र सांगणे बरोबर होणार नाही. त्यानंतर चारेक वर्षे तो युरोपात होता. १८२४ मध्ये परतला तेव्हा मुंबईचा गव्हर्नर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने त्याला एक नवेच काम दिले. नव्याने हाती आलेल्या दख्खनची सांख्यिकी माहिती गोळा करायची.

या कामामागचा हेतू सारा ठरवण्याचा आणि राज्य चालवण्याचा होता, यात शंका नाही. गावे किती, माणसे किती, कोणती पिके, मजुरी किती, मापे आणि वजने कोणती, जमीन कोणाच्या नावावर. पण साइक्सला मोजण्याचा नादच होता. जमिनीचे मोजमाप करता करता तो खडकांचे थर पाहू लागला. रोज ठरलेल्या वेळी वायुभारमापकाचा आकडा लिहू लागला, आणि दख्खनमध्ये हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो व दोनदा उतरतो हे त्याने वर्षानुवर्षांच्या नोंदींतून दाखवले. पक्ष्यांची यादी दोनशेच्या वर गेली, त्यातले पन्नासहून अधिक शास्त्राला नवे असल्याचे त्याचे म्हणणे होते. तळ्याकाठी ध्यान लावून बसणारा आपला ढोकरी बगळा आजही शास्त्रीय नावापुढे साइक्सचे नाव आणि १८३२ हे साल घेऊन उभा असतो. एका रातव्याच्या जातीचे नाव त्याने मराठ्यांच्या मुलखावरून ठेवले.

माशांच्या बाबतीत त्याने आणखी चांगली गोष्ट केली. नदीवर कोळ्यांकडून ऐकलेली नावेच लॅटिन वळणाने शास्त्रात नेऊन ठेवली. खुद्री, कोलूस, नुक्ता, सिंघाला ही आज जगभरच्या संग्रहालयांत बाटल्यांवर चिकटवलेली नावे मुळामुठेच्या आणि भीमेच्या काठची आहेत. ती सांगणाऱ्या माणसांची नावे मात्र कुठल्याच बाटलीवर नाहीत.

आता मुंगीकडे येऊ. त्यासाठी आधी त्या काळच्या युरोपातला एक वाद समजून घ्यावा लागेल, कारण त्याशिवाय साइक्सच्या नोंदीचे मोल कळत नाही.

मुंगी पावसाळ्यासाठी, हिवाळ्यासाठी दाणे साठवते ही गोष्ट जगातल्या बहुतेक जुन्या संस्कृतींना ठाऊक होती. इसापच्या गोष्टींत ती आहे, बायबलमधल्या नीतिवचनांत आहे, आणि आपल्याकडे तर शेताच्या बांधावर बसणाऱ्या कोणालाही ती वेगळी सांगावी लागत नाही. पण अठराव्या शतकात युरोपातल्या निसर्गअभ्यासकांनी प्रत्यक्ष वारुळे उकरून पाहायला सुरुवात केली, आणि त्यांना दाण्याचे कोठार सापडेना. विल्यम गूल्ड या इंग्रज धर्मगुरूने १७४७ मध्ये इंग्लंडच्या मुंग्यांवर पुस्तक लिहिले. त्याला साठा आढळला नाही. पुढे फ्रान्समध्ये लात्रेय आणि स्वित्झर्लंडमध्ये पिएर ह्यूबर यांनीही तेच सांगितले. ह्यूबर तर मुंग्यांचा त्या काळचा सर्वांत बारकाईने पाहणारा अभ्यासक. मग या लोकांनी एक स्पष्टीकरण काढले. मुंग्या आपले पांढरे, लांबट कोश तोंडात धरून इकडून तिकडे नेत असतात. प्राचीन लोकांनी त्या कोशांनाच धान्याचे दाणे समजून ही गोष्ट रचली असणार.

स्पष्टीकरण ऐकायला चोख होते. त्यात चूक एवढीच की इंग्लंड, उत्तर फ्रान्स आणि जिनिव्हाच्या थंड हवेतल्या मुंग्या म्हणजे जगातल्या सगळ्या मुंग्या, असे त्यात गृहीत धरले होते. विल्यम कर्बी आणि विल्यम स्पेन्स या कीटकशास्त्रज्ञांनी आपल्या ग्रंथात तेवढी सावधगिरी बाळगली. उष्ण देशांतल्या मुंग्या नीट पाहिल्याशिवाय शेवटचा निकाल देऊ नये, असे त्यांचे मत होते. पण पाहायचे कोणी?

१९ जून १८२९. पुण्यात पाऊस लागून काही दिवस झाले होते आणि मधेच उघडीप मिळून ऊन पडले होते. साइक्स सकाळी फिरायला निघाला. कवायतीच्या मैदानाजवळच्या पडीक जमिनीवर त्याला बारीक बियांचे छोटे ढीग दिसले. एक नाही, वीसहून अधिक, आणि प्रत्येक ढीग ओंजळभर नाही तरी मूठभर. जवळ जाऊन पाहिले तर शेकडो मुंग्या जमिनीखालून एकेक दाणा वर आणत होत्या आणि ढिगावर ठेवत होत्या. दाणे गवताचे होते, पॅनिकम प्रजातीचे. (जुन्नर आणि आंबेगावच्या पश्चिम पट्ट्यात डोंगरउतारावर पिकणारी आणि उपवासाला चालणारी वरई याच प्रजातीतली.) हे गवत पुण्याकडे जानेवारी-फेब्रुवारीत पिकते. म्हणजे साठा किमान चार महिन्यांपूर्वीचा असला पाहिजे. पहिल्या पावसाचे पाणी खाली उतरून दाणे भिजले असतील, आणि ऊन मिळताच मुंग्यांनी ते वाळवायला वर काढले असतील, असा त्याने अर्थ लावला.

कोश आणि दाणा यांत गल्लत व्हायला इथे जागाच नव्हती. ढीग उघड्यावर होते, बी हातात घेऊन ओळखता येत होते, आणि साल-तारीख वहीत होती. साइक्स तेवढ्यावर थांबला नाही. पावसाळा संपताना परतीचा गडगडाटी पाऊस पडून गेल्यावर, ऑक्टोबरात, त्याने पुन्हा लक्ष ठेवले आणि पुन्हा तेच दृश्य पाहिले. एकदा पाहिले तर योगायोग म्हणता आला असता. दोनदा, आणि दोन्ही वेळा ओल्यानंतरच्या उन्हात, हे साइक्सच्या सवयीला धरूनच होते.

त्या वर्षीच्या डिसेंबरात त्याची जागाच रद्द झाली. एल्फिन्स्टन जाऊन मालकम गव्हर्नर झाला होता, सरकारला खर्च कमी करायचा होता, आणि आकडे गोळा करणारा अधिकारी हा वाचवण्याजोगा खर्च वाटला. साइक्सला पलटणीत परत जाण्याचा हुकूम झाला. त्याने रजा मागितली, जागेचा वेगळा पगार सोडला, आणि उरलेले अहवाल स्वतःच्या हिमतीवर पुरे केले. जानेवारी १८३१ मध्ये ते काम संपले आणि तो इंग्लंडला गेला. १८३३ मध्ये कर्नलच्या हुद्द्यावर निवृत्त झाला. सरकारी कारकिर्दीत असे स्वतःच्या खिशाला चाट लावून काम पुरे करणारे फार नसतात, तेव्हाही नव्हते.

लंडनला त्याने मुंग्यांवरचा लेख कीटकशास्त्र मंडळापुढे ठेवला. तो १८३५ च्या सुमाराच्या खंडात आला. दाणे वाळवणाऱ्या मुंगीला त्याने अट्टा प्रॉव्हिडेन्स असे नाव दिले. प्रॉव्हिडेन्स म्हणजे पुढची तरतूद करणारी. त्याच लेखात आणखी दोन मुंग्या होत्या आणि त्यांचे किस्सेही वाचण्यासारखे आहेत. एक, झाडावर शेणाचे घरटे बांधणारी. पातळ पापुद्रे एकावर एक, कौलांसारखे, की पावसाचे पाणी निथळून जावे. तिचे नाव त्याने कर्बीवरून ठेवले. ज्याने दार उघडे ठेवले होते त्याचा तो मान म्हणायचा.

दुसरी म्हणजे आपला मोठा काळा मुंगळा, ज्याने साइक्सच्या पुण्यातल्या घरात उच्छाद मांडला होता. फळे आणि मिठाई एका मेजावर ठेवलेली असत. मुंगळे येऊ नयेत म्हणून मेजाचे पाय पाण्याच्या भांड्यांत ठेवले. मुंगळे पाण्यावरून जाऊ लागले. भांड्यांत बुडणारे बुडत, पण बाकीचे पोचत. मग पायांना टर्पेंटाइनचे कडे फासले. काही दिवस शांतता. पण मेज भिंतीपासून बोटभर अंतरावर होते. मुंगळे भिंतीवर चढत, मेजाच्या वर येत, आणि तिथून अंग सोडून थेट मिठाईवर पडत. गोडाचा डबा परातीतल्या पाण्यात ठेवणाऱ्या प्रत्येक मराठी घराला यातले निम्मे तरी ओळखीचे वाटेल. मुंग्यांच्या बुद्धीवर पुढे लिहिणाऱ्या अनेक युरोपीय लेखकांनी हा किस्सा साइक्सच्या नावाने उचलला. मला स्वतःला त्यापेक्षा मैदानावरचे ढीग जास्त मोलाचे वाटतात. मुंगळ्याच्या उडीत बुद्धी होती की भिंतीवरून घसरणे, हे ठरवणे अवघड आहे. ढिगाबाबत तशी अडचण नाही.

अट्टा हे त्या काळी प्रजातीचे मोठे गाठोडे होते. कमरेला दोन गाठी असलेल्या कितीतरी मुंग्या त्यात टाकल्या जात. आज ते नाव अमेरिका खंडातल्या पाने कापणाऱ्या मुंग्यांपुरते उरले आहे. १८३९ मध्ये जॉन वेस्टवुड या इंग्रज कीटकशास्त्रज्ञाने साइक्सची मुंगी त्या गाठोड्यातून बाहेर काढली आणि तिच्यासाठी नवी प्रजाती केली. नाव दिले फिडोली. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ काटकसर. आज या प्रजातीत एक हजाराहून अधिक जाती नोंदल्या गेल्या आहेत. २००३ मध्ये एडवर्ड विल्सन यांनी केवळ अमेरिका खंडांतल्या जातींवर जाडजूड ग्रंथ लिहिला, त्यात ६२४ जाती होत्या आणि त्यांपैकी निम्म्याहून अधिक नव्या.

ही मुंगी ओळखायची कशी? भिंग असेल तर फार अवघड नाही. निदान प्रजातीपर्यंत पोचता येते. सर्वांत मोठी खूण भिंगाशिवायही दिसते. एकाच बिळातून दोन प्रकारच्या कामकरी मुंग्या बाहेर पडतात. एक नेहमीची, दोनेक मिलिमीटर लांबीची, सडपातळ. दुसरी तिच्या दुप्पट, आणि तिचे डोके उरलेल्या शरीराला न शोभेल इतके मोठे, मागच्या बाजूला मध्यावर खाच पडून दोन गोल फुगवटे आलेले. हिला सैनिक म्हणतात. मधल्या आकाराच्या मुंग्या बहुतेक जातींत नसतातच. मुंगळ्यांच्या वारुळात जशी लहानापासून मोठ्यापर्यंत उतरंड दिसते, तशी इथे दिसत नाही. दुसरी खूण कमरेची. छाती आणि पोट यांच्यामध्ये दोन गाठी. मुंगळ्याला एकच असते. तिसरी खूण मिशांची. बारा पेरे, आणि टोकाची तीन पेरी जाड होऊन त्यांचा सोटा झालेला. घरातल्या साखरेवर येणाऱ्या काही बारीक मुंग्या दिसायला सारख्या वाटतात, पण त्यांच्यात असा मोठ्या डोक्याचा वेगळा सैनिक नसतो. जातीचे नाव सांगायचे तर मात्र सैनिक आणि साधी कामकरी दोन्ही हातात हवीत, डोक्यावरच्या रेघा आणि पाठीवरचे बारीक काटे सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला हवेत. मैदानावर दाण्याचा ढीग दिसला म्हणून ती साइक्सचीच मुंगी, असे म्हणता येत नाही. दाणे गोळा करणाऱ्या मुंग्यांच्या इतर प्रजातीही आपल्याकडे आहेत.

एवढे मोठे डोके कशाला? त्यात मेंदू नसतो जास्त, स्नायू असतात. जबडा मिटवणारे. सैनिक म्हटले तरी बी खाणाऱ्या जातींत त्यांचे एक मोठे काम जात्याचे आहे. लहान मुंग्यांना न फुटणारे टणक बी सैनिक फोडतात. शत्रू आला तर तेच जबडे त्याच्यावर चालतात. आणि विशेष म्हणजे सैनिक व साधी कामकरी या एकाच राणीच्या मुली. अंड्यात ठरलेला फरक नसतो. अळी असताना मिळालेला आहार आणि त्यानुसार शरीरात वाढणारे संप्रेरक यांवरून वाट फुटते. २०१२ मध्ये अमेरिकेतल्या काही फिडोली जातींवर झालेल्या प्रयोगांत दिसले की योग्य वेळी हे संप्रेरक वाढवले, तर ज्या जातींत एरवी कधी दिसत नाहीत असे सैनिकांहूनही थोराड महासैनिक तयार करता येतात. म्हणजे ती क्षमता अंगात आधीपासून दडलेली असते. या प्रजातीच्या कामकरी मुंग्यांना बीजांडकोशच नसतो. अंडी घालण्याचे काम पूर्णपणे राणीचे. असे कडक कामवाटप सगळ्याच मुंग्यांत नसते.

आता दाणे वाळवण्याबद्दल. ओल ही धान्याची सर्वांत मोठी शत्रू. ओल्या दाण्याला बुरशी येते, मोड येतो, आणि किडा लागतो. आपल्या कणगीतल्या सोंड्यांचेच पाहा, ज्यांना कुठे टोके म्हणतात. तीनेक मिलिमीटरचा हा किडा, डोक्यापुढे लांब सोंड. मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत एकच अंडे घालते आणि भोक लुकणासारख्या स्रावाने बुजवते. अळी दाण्याच्या आतच खाऊन वाढते, कोशही आतच. बाहेरून दाणा शाबूत, आतून पोकळ. उबदार हवेत महिनाभरात नवी पिढी बाहेर. तांदळातला सोंडा आणि मक्यातला सोंडा दिसायला इतके सारखे, पाठीवर चार तांबूस ठिपके दोघांनाही, की खात्री करायची तर शरीर उकलून पाहावे लागते. पण त्यांची एक अडचण आहे. दाण्यातली ओल साधारण दहा टक्क्यांच्या खाली गेली, की त्यांची वीण जवळपास थांबते. म्हणून तर आपल्याकडे साठवणीचे धान्य उन्हाळ्यात कडकडीत वाळवून, कडुनिंबाचा पाला घालून ठेवण्याची आणि श्रावण-भाद्रपदात उघडीप मिळाली की त्याला ऊन दाखवण्याची रीत आहे. साइक्सच्या मैदानावर मुंग्या नेमके हेच करत होत्या. त्यांच्याकडे कडुनिंब नव्हता एवढेच.

जुन्नरला या धान्याच्या गोष्टीचे एक जुने टोक आहे. तिथल्या लेण्यांतल्या एका लेखात धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याची नोंद आहे. नाणेघाटाने कोकणात उतरणाऱ्या व्यापारी वाटेवरचे हे गाव. दगडात सात खोल्या कोरून देण्याइतके उत्पन्न धान्याच्या व्यापारातून होत होते, तर धान्य महिनोन् महिने टिकवण्याची विद्याही त्या लोकांपाशी असणारच. साइक्सच्या काळी दख्खनमध्ये धान्य जमिनीतल्या पेवांत ठेवत. पेवात शिरलेले पाणी म्हणजे काय, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नव्हते. मुंगीच्या बिळातही अडचण तीच.

साइक्सचे पुढचे आयुष्य इंग्लंडमध्ये गेले आणि ते बरेच गजबजलेले होते. १८३४ मध्ये तो रॉयल सोसायटीचा सदस्य झाला. त्याच वर्षी स्थापन झालेल्या लंडनच्या सांख्यिकी मंडळाच्या सुरुवातीच्या मंडळींत तो होता. १८४० मध्ये कंपनीच्या संचालक मंडळावर निवडून आला. मोजण्याची सवय तिथेही सुटली नाही. १८४७ मध्ये त्याने कंपनीच्या हिंदुस्थानातल्या फौजांतल्या मृत्यूंचे आकडे मांडले. गोऱ्या सैनिकांचे मृत्युमान देशी शिपायांच्या कितीतरी पट होते. त्या काळी याचे खापर सरसकट इथल्या हवेवर फोडले जाई. साइक्सने बोट दाखवले ते दारूकडे आणि राहणी-खाण्याकडे. एकाच छावणीत, एकाच हवेत राहणारे शिपाई टिकतात आणि गोरे मरतात, तर हवा एकटी दोषी कशी, हा त्याचा साधा तर्क. आरोग्याचा प्रश्न आकड्यांनी सोडवायचा ही पद्धत तेव्हा नवीच होती.

१८५६ मध्ये तो कंपनीचा अध्यक्ष झाला. वर्षभरात उठाव झाला आणि १८५८ मध्ये कंपनीचे राज्यच संपुष्टात आले. साइक्स तोवर स्कॉटलंडमधल्या अ‍ॅबर्डीनचा खासदार म्हणून पार्लमेंटात गेला होता. तो अखेरपर्यंत खासदार राहिला. १६ जून १८७२ रोजी लंडनमध्ये त्याचे निधन झाले.

मुंग्यांचा वाद तोवर पुरता मिटलेला नव्हता. १८५० च्या दशकात मद्रासकडे थॉमस जर्डन या डॉक्टरने दक्षिण भारतातल्या मुंग्यांची यादी केली आणि दाणे साठवण्याला दुजोरा दिला. टेक्ससमधूनही तशीच पत्रे आली. डार्विनने ती लंडनच्या अभ्यासकांपुढे ठेवली. तरी युरोपातले बरेच जण ही उष्ण प्रदेशातली अपवादात्मक गोष्ट मानत. शेवटी जॉन मॉगरिज नावाचा एक आजारी तरुण इंग्रज हवापालटासाठी फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर राहायला गेला, आणि तिथे, युरोपातच, त्याने मुंग्यांची कोठारे उकरून दाखवली. मोड फुटू लागलेल्या दाण्याचा अंकुर मुंग्या कुरतडतात आणि दाणा उन्हात टाकतात, हेही त्याने पाहिले. त्याचे पुस्तक १८७३ मध्ये, साइक्सच्या निधनानंतर वर्षभराने आले. आपल्या आधी हे कोणी कोणी पाहिले होते त्याचा हिशेब त्यात त्याने दिला आहे, आणि त्या हिशेबात पुण्याच्या कवायतीच्या मैदानावरची जून १८२९ मधली ती सकाळ आहे.